पाणी पोचणार नाही इतक्या लांब

शापोरा नदी सह्याद्रीतून तिळारीच्या नावाने उतरते, दोडामार्ग मागे टाकून गोव्यात शिरते आणि हळर्णच्या जुन्या किल्ल्याजवळून समुद्राकडे निघते. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणातून सोडलेले पाणी आणि न थांबणारा पाऊस यांची गाठ पडली, आणि नदी काठ सोडून वर आली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. डिचोली तालुक्यातले साळ, पेडण्यातली इब्रामपूर, हणखणे, चांदेल, हळर्ण अशा काठच्या गावांना त्याची झळ बसली. २०२१ चा पूर १९८२ नंतरचा सर्वांत वाईट, असे तेव्हा मुख्यमंत्र्यांनी सांगितले. पाणी चढू लागले की माणसे तांदळाची पोती, गॅसची शेगडी, मुलांची सर्टिफिकेटे माळ्यावर टाकतात आणि गोठ्यातली गुरे सोडतात. ऑफिसातला संगणक मात्र टेबलावरच राहतो, कारण रात्री ऑफिसला कुलूप असते आणि किल्ली दुसऱ्या वाड्यावर.

या काठच्या एखाद्या गावात, समजा हळर्णला, दूध सोसायटी आहे असे धरून चालू. तिच्या संगणकात काय असते ते नीट पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. सकाळचे संकलन, संध्याकाळचे संकलन. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), त्यावरून निघालेला दर आणि रक्कम. कोणी पशुखाद्याची किती पोती उधारीवर नेली, कोणाला चतुर्थीआधी उचल दिली, कोणाच्या बँक खात्यात पैसे टाकायचे. दर दिवशी दोनदा ही नोंद वाढते. संगणक बुडाला तर म्हापशाला जाऊन दोन दिवसांत नवा आणता येतो. बुडालेला हिशेब कुठल्याही दुकानात मिळत नाही. सभासदांच्या हातातल्या पावत्या गोळा करून तो पुन्हा उभा करायचा म्हटले, तर त्या पावत्याही त्याच पाण्यातून गेलेल्या असतात.

म्हणून प्रत काढून ठेवायची हे सगळ्यांना पटते. बहुतेक ठिकाणी ती काढलेलीही असते, टेबलाच्या खणातल्या पेनड्राइव्हवर. म्हणजे संगणकाच्या खाली, पाण्याला आधी सापडेल अशा जागी. माझे म्हणणे या प्रकरणात एवढेच आहे की बॅकअपची किंमत प्रतींच्या संख्येवरून ठरत नाही. प्रत मुळापासून किती अंतरावर आहे, यावर ती ठरते. हे अंतर नुसते किलोमीटरचे नसते. मूळ ज्याच्या हातात आहे त्याच्या हातून प्रत सुटी आहे का, आणि आजची चूक कालच्या प्रतीपर्यंत पोचू शकते का, हेही अंतरच आहे.

गोव्याला ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वी ठाऊक होती. लिस्बन आणि गोवा यांच्यातला पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांनी होई. जहाज वादळात फुटे, खडकावर आदळे, शत्रूच्या हाती लागे. म्हणून महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती काढून त्या वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायची पद्धत होती. प्रत्येक प्रतीवर ती पहिली की दुसरी की तिसरी याची नोंद असे. कुठलीही एक पोचली तरी काम भागे. गोव्याच्या अभिलेखागारात ‘मोन्सून’ नावाने ओळखली जाणारी दप्तरे आहेत ती याच पत्रव्यवहाराची. १७४६ मध्ये व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मैद याने सावंतवाडीच्या भोसल्यांकडून हळर्णचा किल्ला घेतला आणि पुढे त्याला ‘हळर्णचा मार्किस’ हा किताब मिळाला. त्या काळातला राज्यकारभारही याच वाटेने लिस्बनला कळवला जात होता.

हे अभिलेखागार १५९५ मध्ये सुरू झाले. त्याचा पहिला रक्षक दियोगु दु कोतु हा इतिहासकार होता. आशियातल्या पोर्तुगीजांचा इतिहास तो दशकांच्या खंडांत लिहीत होता. सातवा खंड त्याने लिस्बनला पाठवला आणि तो नेणारे जहाज वाटेत शत्रूच्या हाती पडले. त्याने तो पुन्हा लिहून पाठवला. पुढे तो आजारी असताना आठव्या आणि नवव्या खंडाची हस्तलिखिते चोरीला गेली. म्हाताऱ्या कोतुने तेही पुन्हा लिहिले, पण आता संक्षेपात, जेवढे आठवले आणि जेवढे हाताशी होते तेवढेच. १६१६ मध्ये तो गोव्यातच वारला. सरकारी पत्रांच्या प्रती वेगळ्या जहाजांनी जात होत्या; रक्षकाच्या स्वतःच्या घरातले लेखन एकाच जागी होते. त्या दोन खंडांतून जे गळाले ते कायमचे गळाले.

आता आपल्या सोसायटीकडे येऊ. पहिला प्रश्न यंत्राचा नाही, सोसायटीने बसून ठरवायचा आहे: किती वेळची नोंद गेली तर आपण ती हाताने पुन्हा भरू शकू? एका संकलनाची पाने दूध तपासणाऱ्या टेस्टरच्या वहीत असतात, ती भरता येतील. आठवड्याची नाही भरता येणार. म्हणजे प्रत्येक संकलन मिटल्यावर एक प्रत, दिवसाला दोन. हे उत्तर मिळाले की बाकीची वेळापत्रके आपोआप ठरतात. बँकेचे उत्तर वेगळे असेल. तिला काही सेकंदांची नोंदही गमावता येत नाही, म्हणून तिथे प्रत्येक व्यवहाराची नोंदवही सतत दुसरीकडे पाठवत राहावे लागते. गावच्या संस्थेला त्या खर्चात पडायचे कारण नाही.

दुसरी गोष्ट प्रत काढण्याची रीत. डेटाबेस (संगणकातला हा हिशेब ज्यात राहतो तो साठा) चालू असताना त्याच्या फाइली नुसत्या उचलून दुसरीकडे ठेवणे हा सर्वांत जास्त केला जाणारा आणि सर्वांत फसवा प्रकार. फाइल कॉपी व्हायला काही सेकंद किंवा मिनिटे लागतात आणि तेवढ्यात कोणी तरी नोंद करत असतो. मग प्रतीत एका सभासदाचे लिटर आलेले असतात आणि रक्कम आलेली नसते; अनुक्रमणिका एक सांगते आणि पाने दुसरे. अशी प्रत उघडेलच याची खात्री नाही, आणि उघडली तर जास्त धोका, कारण ती खोटे बोलेल. म्हणून प्रत डेटाबेसकडूनच मागून घ्यायची. पोस्टग्रेस या डेटाबेसकडे त्यासाठी ‘पीजी-डंप’ नावाचे साधन आहे, मायएसक्यूएलकडे ‘मायएसक्यूएल-डंप’. ही साधने एक क्षण धरतात आणि त्या क्षणी डेटाबेस जसा होता तसाच शेवटपर्यंत वाचतात. मध्ये कितीही नोंदी होवोत, त्या प्रतीत येत नाहीत, आणि कोणाचे कामही अडत नाही. मायएसक्यूएलमध्ये मात्र ‘एकाच व्यवहारात वाच’ असा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो, आणि तो इनोडीबी प्रकारच्या तक्त्यांनाच लागू पडतो.

निघालेली फाइल दाबून लहान करायची, कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करायची, नावात तारीख आणि वेळ घालायची आणि क्लाउडवर पाठवायची. क्लाउड म्हणजे काय हे अजून अनेकांना धूसर वाटते. इथे त्याचा अर्थ अगदी साधा आहे: दुसऱ्याच्या मालकीच्या मोठ्या इमारतींतली भाड्याची जागा, जिथे फाइल ठेवता येते आणि नावाने परत मागता येते. ॲमेझॉनने अशी ‘एस-३’ नावाची सेवा मार्च २००६ मध्ये सुरू केली. तिचे मुंबई केंद्र जून २०१६ मध्ये उघडले. तिथे नेहमीच्या प्रकारात ठेवलेली फाइल किमान तीन वेगळ्या ठिकाणांच्या यंत्रांवर विभागून राहते. भाडे एका गिगाबाइटला महिन्याला साधारण दोन-अडीच रुपये. दूध सोसायटीच्या कित्येक वर्षांच्या नोंदी दाबल्यावर काही मेगाबाइटांतच मावतात, म्हणजे खर्चाची सबब इथे चालत नाही. हळर्णहून मुंबई रस्त्याने चारशेहून अधिक किलोमीटर. शापोरेचे पाणी तिथे जात नाही.

जागेचे अंतर किती महत्त्वाचे हे शिकायला फार मागे जायला नको. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचारी आपल्या कामाच्या फाइली ज्या ‘जी-ड्राइव्ह’ नावाच्या साठ्यात ठेवत, तो जळाला. त्यात ८५८ टेराबाइट होते. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. जगातल्या सर्वांत वेगवान इंटरनेटच्या देशांत ज्याची गणना होते, तिथे हे घडले.

आता वेळापत्रक. युनिक्समध्ये सत्तरच्या दशकापासून ‘क्रॉन’ नावाचा एक छोटा कार्यक्रम आहे. दर मिनिटाला तो आपली यादी पाहतो आणि ज्या कामाची वेळ झाली ते सुरू करतो. यादीतल्या ओळीत आधी पाच खाने: मिनिट, तास, महिन्यातला दिवस, महिना, वार, आणि पुढे काम. संध्याकाळचे संकलन आठला मिटत असेल तर ३० आणि २० लिहायचे, बाकी तीन खान्यांत तारे, म्हणजे रोज साडेआठ. काम क्लाउडवरच्या सर्व्हरवर चालत असेल तर त्याचे घड्याळ बहुधा ग्रीनिचच्या वेळेवर असते; आपले साडेआठ तिथे दुपारचे तीन असतात. हा साडेपाच तासांचा फरक विसरला की प्रत साडेआठऐवजी रात्री दोनला निघते आणि तोवर रोज एक वेळचे दूध प्रतीबाहेर राहते. सोसायटीचा संगणक विंडोजचा असेल तर त्यात ‘टास्क शेड्युलर’ असतो, तेच काम करतो.

पेडण्यात पावसाळ्यात वीज जाते, हे वेळापत्रक लिहिताना धरूनच चालावे लागते. साडेआठला संगणक बंद असेल तर साधा क्रॉन ते काम सोडून देतो. वीज आल्यावर मागचे आठवत नाही. लिनक्समध्ये ‘ॲनाक्रॉन’ किंवा सिस्टिम-डीचे टायमर ही चुकलेली वेळ भरून काढू शकतात. टास्क शेड्युलरमध्ये ‘वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव’ अशी एक चौकट आहे. तिच्यावर खूण करायला अर्धा मिनिट लागतो, आणि ती खूण बहुतेक संगणकांवर नसते.

इथपर्यंतचे काम कुठलाही होतकरू मुलगा एका दुपारात बसवून देतो. खरा धोका त्यानंतर सुरू होतो. स्वयंचलित काम रोज बिनबोभाट होते म्हणून माणूस त्याच्याकडे पाहायचे सोडतो, आणि ते बंद पडते तेव्हाही तितकेच बिनबोभाट बंद पडते.

एक जागा अगदी जवळून दाखवतो. प्रत काढणे, दाबणे आणि पाठवणे ही तीन कामे सहसा एका ओळीत नळीने जोडलेली असतात. एकाचे बाहेर पडलेले दुसऱ्यात जाते. समजा डेटाबेसचा पासवर्ड बदलला. पहिले काम दारातच परत फिरते आणि काहीच बाहेर टाकत नाही. दाबणारा कार्यक्रम ‘जी-झिप’ त्या काहीच नसलेल्याला इमानाने दाबतो आणि २० बाइटची एक फाइल तयार करतो. पाठवणारा ती फाइल मुंबईला पोचवतो आणि ‘झाले’ म्हणून कळवतो. शेलच्या, म्हणजे या आज्ञा चालवणाऱ्या कार्यक्रमाच्या, नेहमीच्या नियमाप्रमाणे अशा जोडीचा निकाल म्हणजे शेवटच्या कामाचा निकाल, म्हणून सगळे हिरवे दिसते. रोज दोन फाइली, बरोबर नावाच्या, बरोबर तारखेच्या, प्रत्येकी २० बाइट. वर्षभर असे चालू शकते. उपाय दोन: शेलला ‘पाइपफेल’ हा नियम लावायचा, म्हणजे मधले कोणतेही काम चुकले तर सगळी जोडी चुकली असे धरले जाते, आणि पाठवण्याआधी फाइलचा आकार कालच्याशी ताडून पाहायचा. दूध सोसायटीची नोंद वाढतच जाते. तिची फाइल एकदम लहान झाली तर काहीतरी बिघडले आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

गिटलॅब या कंपनीवर ३१ जानेवारी २०१७ रोजी हीच वेळ आली. जगभरचे प्रोग्रॅमर आपले काम तिथे ठेवतात. रात्री उशिरा थकलेल्या एका अभियंत्याने दुसऱ्या सर्व्हरवर आहोत असे समजून मुख्य डेटाबेसचा फोल्डर पुसायला सुरुवात केली. लक्षात येऊन थांबवले तेव्हा सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर क्लाउडवरची जागा रिकामी. प्रत काढणारे साधन पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे ते रोज चुकत होते. चुकल्याची ईमेलही रोज निघत होती, पण सहीच्या तपासणीत नापास होऊन वाटेतच नाकारली जात होती. त्या अभियंत्याने दुसऱ्या कामासाठी सहा तास आधी हाताने एक प्रत काढली होती, तिच्यावर सगळे उभे केले. मधल्या सहा तासांतले सुमारे पाच हजार प्रकल्प, पाच हजार टिपणे आणि सातशे नवी खाती गेली. कंपनीने हे सगळे लपवले नाही, दुरुस्तीचे काम इंटरनेटवर लोकांसमोर केले आणि नंतर कारणे सविस्तर लिहिली. या विषयावर आज आपल्याला जे कळते त्यातले बरेच त्या मोकळेपणामुळे कळते.

यातून घ्यायची रीत अशी: काम चुकल्यावर निरोप येईल या भरवशावर राहायचे नाही. काम नीट झाले की दर वेळी त्याने बाहेरच्या एका पहारेकऱ्याला ‘हजर’ म्हणून सांगायचे. हा पहारेकरी म्हणजे एक छोटी ऑनलाइन सेवा असते, ती आपल्या संगणकापासून वेगळ्या जागी चालते. ठरल्या वेळेनंतर तासाभरात हजेरी लागली नाही तर ती सेक्रेटरीच्या आणि चेअरमनच्या फोनवर संदेश टाकते. मग पासवर्ड बदललेला असो, इंटरनेट तुटलेले असो की संगणकच पाण्यात असो, गप्प बसणे हेच धोक्याचे चिन्ह ठरते. फोन दोघांचे घालावेत. एकटा सेक्रेटरी लग्नाला गेलेला असतो.

आता ज्या अंतराकडे सर्वांत कमी लक्ष जाते त्याकडे वळू. २१ जून २०२२ च्या मध्यरात्रीनंतर गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूर निरीक्षण यंत्रणेच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. राज्यातल्या प्रमुख नद्यांवर १५ ठिकाणी बसवलेल्या उपकरणांची माहिती त्या सर्व्हरकडे येत असे: पाण्याची पातळी, पाऊस, हवामान. सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर बिटकॉइनची मागणी आली. खात्याने सायबर पोलिसांकडे तक्रार केली. चोवीस तास चालू असलेली इंटरनेट जोडणी, अँटिव्हायरसचा अभाव आणि जुनी झालेली फायरवॉल ही कारणे त्या वेळी पुढे आली. हे पावसाळ्याच्या तोंडावर घडले, आदल्या वर्षीच्या पुराच्या खुणा काठच्या भिंतींवर असताना. नदी किती चढली हे सांगणाऱ्या यंत्रालाच पुरासारखे काहीतरी गाठून गेले. मला या घटनेचे गांभीर्य फार वाटते, कारण पाण्याच्या पातळीच्या मागच्या वर्षांच्या नोंदी म्हणजे पुढच्या पुराचा अंदाज. त्या पुन्हा मोजता येत नाहीत; २०२१ ची नदी परत येऊन माप देणार नाही.

रॅन्समवेअर नुसते मुळाला कुलूप घालत नाही. संगणकावरून जिथे जिथे हात पोचतो तिथे ते जाते: जोडलेली बाहेरची डिस्क, दुसऱ्या खोलीतला सामायिक फोल्डर, आणि क्लाउडवरची जागाही, जर तिची किल्ली याच संगणकावर ठेवलेली असेल आणि त्या किल्लीला पुसायचा अधिकार असेल. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या ॲमेझॉन खात्यात एकाने शिरकाव करून पैसे मागितले, आणि कंपनी खाते परत ताब्यात घेऊ पाहते आहे हे दिसताच सर्व्हर, माहिती आणि बॅकअप एकापाठोपाठ पुसले. सगळे एकाच खात्यात होते. कंपनी बंद पडली. मुंबई कितीही लांब असली तरी हळर्णच्या संगणकातल्या एका किल्लीने तिथले सगळे जाऊ शकत असेल, तर ती प्रत लांब नाही, ती खणातच आहे.

म्हणून प्रत पाठवणाऱ्या कार्यक्रमाला फक्त ‘नवी फाइल ठेव’ एवढाच अधिकार द्यायचा. पुसण्याचा नाही, आणि शक्यतो वाचण्याचाही नाही. एवढ्याने भागत नाही, कारण त्याच नावाची दुसरी फाइल ठेवून जुनी झाकता येते. यासाठी आवृत्त्या जपण्याची सोय चालू करायची, म्हणजे नवी फाइल आली तरी जुनी तिच्यामागे शाबूत राहते. आणि त्यावर ‘ऑब्जेक्ट लॉक’. ही सोय ॲमेझॉनने २०१८ च्या अखेरीस आणली, इतर मोठ्या क्लाउड कंपन्यांकडेही तिच्यासारख्या सोयी आहेत. तिच्या सर्वांत कडक प्रकारात ठरवलेली मुदत संपेपर्यंत ती फाइल कोणालाही पुसता येत नाही, खात्याच्या मालकालाही नाही. चोर मालकाचा पासवर्ड घेऊन आला तरी हात चोळत परत जातो. मुदत निवडताना मात्र जपावे. चुकून दहा वर्षे लिहिली तर दहा वर्षांचे भाडे भरावे लागते.

दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी असाच हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. ओपीडीचे केसपेपर, तपासण्या, दाखले सगळे दोनेक आठवडे हाताने लिहावे लागले. पण ई-हॉस्पिटल या तिथल्या संगणक प्रणालीची माहिती परत मिळाली, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्याच्या कक्षेबाहेर राहिला होता. तो सर्व्हर त्या रात्री हल्लेखोराच्या हाती लागला असता तर देशभरातून आलेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी गेल्या असत्या.

तिसरे अंतर काळाचे. ज्या जून २०२२ मध्ये जलस्रोत खात्याचा सर्व्हर बंद पडला, त्याच महिन्यात गोवा सरकारने जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी पोलिसांचे विशेष तपास पथक नेमले, आणि पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग. परदेशी गेलेल्या किंवा वारस न उरलेल्या कुटुंबांच्या जमिनींवर जुने दिसणारे बनावट दस्त उभे करून मालकी बदलल्याचे, आणि असे काही कागद सरकारी दप्तरांतच घुसवल्याचे आरोप त्यात पुढे आले. गोव्यात ‘एक-चौदा’चा उतारा हा जमिनीचा प्राण. त्यात एक नाव बदलले तर ती चूक वर्षभर कोणाला दिसत नाही. मालक लिस्बनला किंवा लंडनला असतो.

अशा बदलापुढे कालची प्रत कामाला येत नाही, कारण कालच्या प्रतीतही तोच बदल असतो. सतत जुळवत राहणाऱ्या जोडीच्या सर्व्हरचा तर इथे काहीच उपयोग नाही. मुळात चूक झाली की सेकंदात ती तिकडेही होते. एक नोंद कधी बदलली हे सिद्ध करायचे तर बदलाच्या अलीकडची आणि पलीकडची, दोन्ही प्रती हव्यात. म्हणून प्रती उतरत्या क्रमाने जपतात: रोजच्या महिनाभर, महिन्याच्या शेवटची वर्षभर, ३१ मार्चची कायम. क्लाउडवर हे नियम एकदा लिहिले की जुन्या प्रती मुदत संपल्यावर आपोआप जातात आणि जपायच्या त्या स्वस्त साठ्यात सरकतात, जिथून परत मागवायला काही तास लागतात. सोबत प्रत्येक फाइलचा ‘हॅश’, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, वेगळ्या वहीत लिहून ठेवावा. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. दूध सोसायटीतही हे लागू पडते. फॅटच्या आकड्यावरून भांडणे होतात, आणि सहा महिन्यांपूर्वीचा आकडा तेव्हाच्या प्रतीतून काढून दाखवला की भांडण मिटते.

एन्क्रिप्शनच्या किल्लीबद्दल थोडक्यात. ती फक्त सोसायटीच्या संगणकावर असेल तर पुरात संगणक गेल्यावर मुंबईतली प्रत कोणालाच उघडता येणार नाही. ती कागदावर छापून लिफाफ्यात घालावी. एक लिफाफा पेडण्याच्या किंवा म्हापशाच्या बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरा उंचावर घर असलेल्या संचालकाकडे. क्लाउड खात्याचा मुख्य पासवर्ड आणि ज्या फोनवर ओटीपी येतो त्याची नोंदही तिथेच. सेक्रेटरी बदलतात, मोबाइल नंबर बदलतात, आणि खाते कोणाच्या नावावर होते हे कोणी सांगू शकत नाही, अशी वेळ लहान संस्थांवर नेहमी येते.

राहिले प्रत उघडून पाहण्याचे काम. ते मे महिन्यात करावे, मृगाच्या आधी. दुसरा कुठलाही संगणक घ्यायचा, त्यावर रिकामा डेटाबेस बसवायचा, लिफाफ्यातली किल्ली वापरायची (संगणकावरची नव्हे, म्हणजे लिफाफ्याचीही परीक्षा होते) आणि सर्वांत ताजी प्रत उतरवून घ्यायची. घड्याळ लावून ठेवायचे: उतरवायला किती वेळ, उभी करायला किती. मग सभासदांची संख्या जुळते का, काल संध्याकाळच्या शेवटच्या सभासदाचे लिटर आणि फॅट टेस्टरच्या वहीशी जुळतात का, मागच्या पंधरवड्याचे एखादे बिल काढले तर रक्कम तीच येते का, हे पाहायचे. हे काम ज्याने यंत्रणा बसवली त्याने करू नये. दुसऱ्याने, लिहून ठेवलेल्या पायऱ्या वाचून करावे. जिथे तो अडेल तिथे पायरी अपुरी लिहिली आहे असे समजून ती लगेच दुरुस्त करायची. लागलेला वेळ आणि तारीख सोसायटीच्या इतिवृत्तात नोंदवावी, म्हणजे पुढच्या वर्षी कोणी टाळणार नाही. आणि तपासणी संपली की त्या दुसऱ्या संगणकावर उतरवलेला डेटाबेस पुसून टाकावा. त्यात प्रत्येक सभासदाचे नाव, फोन आणि बँक खाते असते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने त्याची जबाबदारी सोसायटीवरच टाकली आहे.